शनिवारी थांबणारी गाडी

"मॅडम, गाडी फकस्त शनवारी बिघडती," तात्या म्हणाले.

मी जॉब कार्ड लिहीत होते. गाडी वर्कशॉपला आली की तिची तक्रार ज्या कागदावर लिहून घेतो, ते जॉब कार्ड. त्यात वार लिहायला रकाना नसतो. मी पेन थांबवलं.

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी गुणाची हाय."

शेजारी त्यांचा मुलगा प्रशांत उभा होता. लोणी देवकरच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तो काउंटरवर वाकला आणि हळू आवाजात, पण तात्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, गाडीला काय झालेलं न्हाय. तात्यांचा पाय चुकतोय. वय झालं आता. तुमी फक्त त्यांना समजावून सांगा. माझं ऐकत न्हाईत."

म्हणजे मला गाडी दुरुस्त करायची नव्हतीच. एका माणसाला 'आता पुरे' म्हणून सांगायचं होतं. हे काम माझ्या पगारात धरलेलं नाही.

बारामतीतल्या एका कार वर्कशॉपमध्ये मी टेक्निकल बाजू बघते. साधी दुखणी मेकॅनिकच काढतात. जे कुणाला सापडत नाही ते माझ्याकडे येतं, आणि सोबत 'मॅडमला जमतंय का बघू' हा चेहराही येतो. त्याची मला सवय झाली आहे.

तात्यांची इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. आयुष्यभर त्यांनी जीप आणि ट्रॅक्टर चालवला. गेल्या दिवाळीत प्रशांतने ही नवी मोठी गाडी घेतली. दर शनिवारी तात्या त्यांच्या बायकोला, काकींना, घेऊन बारामतीला येतात. काकींचे गुडघे धरलेत, त्यांचा व्यायाम करून घेणारी डॉक्टर इथल्या एका कॉम्प्लेक्समध्ये बसते. आणि त्या कॉम्प्लेक्सला बेसमेंट पार्किंग आहे.

त्या बेसमेंटबद्दल जरा बोलावंच लागेल. ते ज्यानं काढलं त्याच्या डोळ्यांपुढे त्या काळातल्या चिमुकल्या गाड्या असणार. पुढे गाड्या अंगानं भरल्या. पांढरे पट्टे होते तेवढेच राहिले. आता तिथे गाडी लावणं जमतं, गाडीतून उतरणं जमत नाही. दार वीतभर उघडतं. सडपातळ माणूस पोट आत ओढून निघतो, बाकीचे डिकीतून उतरतात. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या एका डॉक्टरांना मी डिकीतून उतरताना पाहिलंय, आणि त्यांनी मला. आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही. आरसे मिटल्याशिवाय गाडी आत जात नाही, आणि आरसे मिटले की मागचं दिसत नाही. गाडीतले सेन्सर चहूबाजूंनी ओरडतात, कारण चहूबाजूंना खरोखरच काहीतरी असतं. वॉचमन 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत हात हलवत राहतो. ठक्कन आवाज आला की म्हणतो, 'बास!'

खाली जायला एकच उतार आहे. अरुंद, तीव्र, दोन्ही बाजूंना भिंती. तात्यांची गाडी त्या उताराच्या मधोमध आपोआप थांबायची. साधी नव्हे, दणका देऊन. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्नचा कालवा. गेल्या शनिवारी मागच्या गाडीला वेळेत ब्रेक लागला नाही आणि तात्यांच्या मागच्या बंपरला पोचा आला. त्या संध्याकाळी प्रशांतने जाहीर केलं, की तात्यांकडून चावी घ्यायची आणि ड्रायव्हर ठेवायचा.

"पाय चुकत न्हाय त्यांचा," काउंटरसमोरच्या सोफ्यावर चहा पीत बसलेल्या काकी म्हणाल्या. "पुढं लाल दिवा लागतो, मग गाडी थांबती. मी बघितलंय."

"आई, तू त्यांचीच बाजू घेणार."

"मग कुणाची घिऊ?"

या नव्या गाड्यांत एक सोय असते. हळू चालताना समोर अगदी जवळ काही आलं, तर गाडी स्वतःच ब्रेक मारते. त्यासाठी पुढच्या बंपरमध्ये गोल टिकल्या बसवलेल्या असतात, ते सेन्सर. वटवाघळासारखे ते आवाज सोडतात आणि तो परत कधी येतो त्यावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते ओळखतात. गाडीने वेग घेतला की या टिकल्या झोपी जातात. त्यांचं काम पार्किंगपुरतं.

मी लॅपटॉप लावला. फॉल्ट कोड एकही नव्हता. फॉल्ट कोड म्हणजे गाडीने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली तक्रार. पण गाडीच्या मते तिने काही चूक केलीच नसेल, तर ती तक्रार कशाला लिहील? मी टिकल्या पुसल्या, एकेक तपासली. सगळ्या ठणठणीत. मग वाटलं, उतार जिथे संपतो तिथली फरशीच सेन्सरला भिंत वाटत असेल. असं होतं कधीकधी.

"चला, तिथंच जाऊ," मी म्हटलं.

आम्ही चौघं त्या बेसमेंटला गेलो. तात्या स्टेअरिंगवर, प्रशांत शेजारी, मी आणि काकी मागे. गाडी उतारावरून लोण्यासारखी खाली गेली. वर आणली, पुन्हा नेली. पुन्हा आणली, पुन्हा नेली. कुठे अडखळणं नाही, लाल दिवा नाही. लपाछपीतल्या पोरासारखी गाडी गप्प.

"बघा," प्रशांत म्हणाला.

"आज सोमवार हाय," तात्या म्हणाले.

यावर वॉचमनसुद्धा हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी गाडी बाहेर काढली, कडेला लावली आणि चावी प्रशांतच्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

वर्कशॉपला परतताना प्रशांत गाडी चालवत होता. काकी माझ्या कानाशी आल्या.

"पोरी, आमचं खटलं मोठं. दीर, जावा, पोरंसोरं. लगीन झाल्यापासनं दोघांनाच निवांत बोलाय मिळालं न्हाय कधी. ह्यो एक शनवार हाय. येताना मी बोलती, जाताना ते बोलत्यात. ड्रायव्हर आला की दोघंबी गप बसणार."

तोवर माझ्यासाठी तो बंपर आणि ब्रेकचा प्रश्न होता.

आमच्या वर्क्स मॅनेजर साहेबांना असल्या गोष्टी सांगून उपयोग नसतो. मी केबिनमध्ये गेले.

"काय निघालं?"

"काही नाही."

"मग 'दोष आढळला नाही' लिहा आणि गाडी द्या."

"सर, शनिवारी बघते एकदा."

"शनिवारी? का, गाडीला साडेसाती आहे?"

"गाडीला वार कळत नाही, सर. पण माणसं वारानुसार काहीतरी वेगळं करतात. ते काय करतात, ते बघायचंय."

"शनिवारी वर्कशॉप भरलेलं असतं."

"डब्याच्या सुट्टीत जाते. डबा तुम्ही खा."

माझ्या डब्यात त्या दिवशी भरलं वांगं असणार होतं. साहेबांना ते ठाऊक होतं. परवानगी मिळाली.

प्रशांतला मी बजावलं, हा एक शनिवार गाडी तात्यांना द्यायची, आणि नेहमी जशी येते तशीच पाठवायची. वेगळं काही करायचं नाही. तो हो म्हणाला, पण 'शेवटचा' हा शब्द त्याने दोनदा वापरला.

शनिवारी मी उताराच्या तोंडाशी उभी राहिले. गाडी आली. प्रशांत ड्यूटीवर होता, दोघंच होते. तात्यांना शेजारी बसवून मी स्टेअरिंगवर बसले. पाय ब्रेकवर हलका ठेवून गाडी उतारावर सोडली. निम्म्यात आल्यावर गाडी सावकाश चाललीय असं बघून पाय पूर्ण उचलला.

पीं पीं पीं. लाल दिवा. आणि दणका. माझं डोकं पुढे जाऊन मागे आलं.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "थांबली!"

"मी काय म्हणत हुतो?" तात्यांनी मांडीवर थाप मारली.

मागे हॉर्न सुरू झाले. खालून वॉचमन हात हलवायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या!" मी हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं. भिंतीला लागून दार जेमतेम वीतभर उघडलं.

"डिकीतनं जा," काकींनी सुचवलं.

मी पोट आत ओढलं. कुडत्याला भिंतीचा चुना लागला, पण निघाले. गाडीच्या पुढे उकिडवी बसून बंपरमधल्या टिकल्या बघायला वाकले, तर माझ्या कपाळावर काहीतरी टक्कन आपटलं.

लिंबू होतं.

लिंबू आणि हिरव्या मिरच्या, काळ्या दोऱ्यात ओवलेल्या. गाडीला लिंबू-मिरची असतेच. कामाच्या इतक्या वर्षांत इतक्या गाड्यांना पाहिली, की बंपर बघताना ती नजरेत येते आणि निघून जाते. गाडी सपाट जमिनीवर असताना हे लिंबू बंपरला चिकटून, खाली टेकून असायचं. सेन्सरला ते कळत नव्हतं. पण गाडीने उतारावर नाक खाली केलं, की लिंबू दोऱ्यासकट बंपरपासून सुटून पुढे लोंबायचं. थेट टिकलीच्या समोर. टिकलीला वाटायचं, कुणीतरी आडवं आलं. आणि गाडी इमानदारीत ब्रेक मारायची.

मी लिंबू उचलून बॉनेटवर टाकलं. गाडी सरळ खाली गेली. खात्री करायला हवी म्हणून मागच्या सगळ्यांना हात जोडून गाडी पुन्हा वर घेतली, लिंबू सोडलं आणि निघाले. त्याच जागी दणका. मागच्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "मॅडम, तुमचा खेळ झाला असंल तर आमाला बी दवाखान्यात जायाचंय!" मी लिंबू पुन्हा वर टाकलं आणि गाडी एकदाची पार्किंगला लावली. तात्या डिकीतून उतरले.

"हे बांधतं कोण?" मी विचारलं.

तात्यांनी काकींकडे बघितलं.

"प्रशांतच की," काकी म्हणाल्या. "शनवारी सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी नवं बांधतो. जुन्या जीपला पुढं लोखंडी गार्ड हुता, त्याला गच्च बसायचं. हिला कुठं काय बांधाय जागाच न्हाय, सगळं गुळगुळीत. मग नंबर प्लेटच्या स्क्रूला लांब दोरा घालून बांधतो."

आठवडाभर ते तिथेच लोंबायचं. पण गावाकडे असला उतार कुठे, आणि रस्त्यावर गाडी वेगात असली की टिकल्या झोपलेल्या.

"मग सोमवारी कुठं होतं?"

"सोमवारी कंपनीत आणायची म्हणून त्यानंच धुतली. लिंबू काढलं, आतली गोणपाटं काढली. तुमच्यापुढं घाण गाडी कशी आणायची?"

आमच्याकडे वर्कशॉपला कंपनी म्हणतात, आणि कंपनीत गाडी न्यायची म्हणजे तिला आंघोळ घालून न्यायची. गाडीचा खरा आजार घरीच राहतो, आणि धुतलेली गाडी बघून आम्ही तिला निरोगी ठरवतो.

मी प्रशांतला फोन लावला, स्पीकरवर. मागे मशीनचा आवाज होता. सगळं सांगितलं.

"मॅडम, जरा तात्यांना द्या."

"हितंच हाय मी," तात्या म्हणाले. "समदे ऐकत्यात. बोल."

"तात्या, तुमाला काय होऊ नये म्हणून बांधत हुतो ओ."

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"ते कळलं रं," ते म्हणाले. "पण चावी माझ्याकडंच राहणार."

"व्हय, तात्या."

"आन इथून पुढं लिंबू बांधायचंच असंल, तर माझ्या गळ्यात बांध. गाडीच्या नगं."

काकी इतक्या हसल्या की त्यांना डॉक्टरकडे जायला उशीर झाला.

वर्कशॉपला परतले तर डबा रिकामा होता. मी जॉब कार्ड पूर्ण केलं. साहेबांनी ते वाचलं.

"'काय दुरुस्ती केली' इथे तुम्ही 'लिंबू काढले' लिहिलंय."

"तेच केलं, सर."

"हे मी वर कसं पाठवू?"

"वांगं कसं होतं?"

त्यांनी सही केली.

तेव्हापासून गाडी आली की तक्रारीच्या आधी मी विचारते, 'धुवून आणलीय का?' हो म्हणाले, तर धुण्याआधी गाडीला काय काय होतं ते सगळं विचारून घेते. लोकांना वाटतं, मॅडम स्वच्छतेबद्दल फार कडक आहेत. वाटू दे. आणि प्रशांतने आता लिंबू-मिरची घराच्या फाटकाला बांधली आहे. फाटक अजून कुठे अडलेलं नाही.

मागच्या बंपरचा पोचा मात्र तात्या काढू देत नाहीत. मी फुकटात काढून देते म्हटलं, तरी नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "प्रशांतला दिसत ऱ्हाईल."

गेल्या शनिवारी वर्कशॉपच्या काचेतून मला ती गाडी इंदापूर रोडला जाताना दिसली, पोच्यासकट. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. काकी मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या, आणि तात्या बोलत होते. गाडी घराकडे निघाली होती.