वरच्यांचा चेंडू

जर्मनीत आजवर कुणाचाही चेंडू आमच्या वरच्यांइतका वळला नसेल. हे एवढं वाक्य लिहायला मला कित्येक वर्षं लागली. बोलायची वेळ अनेकदा आली. तेव्हा मी चहा ढवळत बसलो, खिडकीबाहेर पाहिलं, हवापाण्याचा विषय काढला. आता वय असं आहे की आणखी टाळलं तर ते कायमचंच राहून जाईल.

वरचे म्हणजे वाल्डॉर्फला आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ. त्यांना नाव अर्थातच होतं, पण आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात आमची ही म्हणाली, "वरच्यांना थोडे पोहे नेऊन द्या," आणि घरात तेच नाव रुजलं. आमच्या क्रिकेट टीममधली पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली पोरं त्यांना काका म्हणत. मी टीमचा विकेटकीपर, म्हणून वरचे मला कीपर म्हणत. जिन्यात कीपर, बेकरीत कीपर, माझ्या मुलीच्या लग्नात फोटोच्या वेळीसुद्धा "कीपर, जरा डावीकडे सरका."

जगातल्या सगळ्या गोल वस्तू देवाने लेगस्पिनच्या सरावासाठी केल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा होती. सुपरमार्केटमध्ये संत्रं उचललं की ते पिशवीत जाण्याआधी हवेत गरगरत वर जाई आणि पुन्हा त्यांच्या हातात येई. एकदा काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर त्यांनी टोमॅटो असा फिरवून सोडला की तो पुढच्या बाईंच्या दुधाला वळसा घालून परत आला. काउंटरवरची मुलगी बघत राहिली. वरचे तिला म्हणाले, "एंटशुल्डिगुंग, माफ करा, पट्टा थोडा ओला आहे."

माफी मागणं ही त्यांची दुसरी कला. काचेचं दार आपोआप उघडलं की त्याला सॉरी, बस वेळेवर आली तर ड्रायव्हरला सॉरी, कुंडीला पाय लागला तर कुंडीला सॉरी. रविवारी दुपारी आमच्या इमारतीत रूहेत्साइट, म्हणजे खिळासुद्धा ठोकायचा नाही. नेमक्या त्याच वेळी आमच्या छतावर टप टप सुरू होई, कारण वरचे गालिच्यावर टप्पा टाकून सोफ्याच्या उशीला बोल्ड करत असत. मग फोन वाजे. "सॉरी हो कीपर, झोपमोड झाली का? आल्झो, बरं तर, एक शेवटचा टाकतो." तो शेवटचा कधीच शेवटचा नसे. ही म्हणायची, "यांच्यापेक्षा ढोलपथक बरं, ते निदान गणपतीतच वाजतं." पण टप टप थांबली की तीच वर पाहून म्हणायची, "बरे आहेत ना वरचे?"

मैदानावरही तेच. फुटबॉल क्लबने आठवड्याच्या सुट्टीत वापरायला दिलेल्या मैदानावर आम्ही मॅटिंग अंथरायचो, खिळे ठोकायचो, आणि मग साठी ओलांडलेले वरचे रमतगमत चार पावलं येऊन विशीतल्या पोरांना नाचवायचे. बॅट्समन चेंडूसाठी पुढे यायचा, चेंडू त्याला चुकवून बाजूने निघायचा, मी स्टंप उडवायचो. आऊट झालेला पोरगा तोंड पाडून परत निघाला की वरचे त्याच्यासोबत थोडं चालत जाऊन म्हणायचे, "सॉरी बाळा, जरा जास्तच वळला." गुगली, म्हणजे उलटा वळणारा चेंडू टाकण्याआधी ते टोपीची पुढची कड दोन बोटांनी ओढायचे. ती खूण फक्त आमच्या दोघांत होती. संसारात नवराबायकोचं असतं तसं आमचं होतं, फक्त आम्ही भांडलो नाही.

आता इथून पुढचं.

मला दिसेनासं झालं होतं. एकदम नाही, हळूहळू. आधी टोपीची कड ओढलेली दिसेना. मग चेंडू हातातून सुटल्यावर क्षणभर हरवायला लागला आणि टप्पा पडल्यावर कुठेतरी परत उगवायला लागला. मी डावीकडे जायचो आणि तो उजवीकडून माझ्या पायांना हुलकावणी देऊन सीमेपार जायचा. डॉक्टरकडे जायचं सोडून मी ग्लव्ह्ज नवे घेतले. टीममध्ये एक नवा कीपर आला होता, चपळ, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडावं तसे सहज झेल घेणारा. माझे ग्लव्ह्ज गेले तर आठवडाभर मी कुणाचा कोण? निवृत्त झालेला, जावयाच्या गाडीत मागे बसणारा एक आजोबा. एवढंच भय होतं, पण ते मला पुरेसं होतं.

कीपरच्या हातून चेंडू सुटला तर त्या धावा बाय म्हणून धरतात, म्हणजे चूक कीपरची. चेंडू बॅट्समनच्या आवाक्याबाहेर गेला असं अंपायरने ठरवलं तर तो वाइड, म्हणजे चूक बॉलरची. आमच्याकडे अंपायर म्हणून बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघं उभे राहतात. चेंडू सुटला की मी वळून अंपायरकडे पाहायचो आणि दोन्ही हात किंचित पसरायचो. तोंडाने एक शब्द नाही. फक्त हात, आणि चेहऱ्यावर 'आता याला मी काय करणार' असा भाव. अंपायर आनंदाने वाइड द्यायचे. वरचे लांबून हात वर करून म्हणायचे, "सॉरी कीपर."

त्या उन्हाळ्यात टीमच्या ग्रुपवर दोन पक्ष पडले. कॅप्टनने लिहिलं, काका लेजंड आहेत, पण संपले, कंट्रोल गेला. दुसऱ्याने उत्तर दिलं, स्लिपमध्ये तुम्ही बस स्टॉपवर उभं राहावं तसे उभे राहता, काकांच्या बॉलिंगवर सुटलेल्या कॅचेसचं लोणचं घातलं तर हिवाळा निघेल, आणि म्हणे काका संपले. दिवसभर हे चाललं. शेवटी कुणीतरी लिहिलं, कीपरकाकांना विचारा, ते सगळं सर्वांत जवळून बघतात.

मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

वरचे ग्रुपवर काही लिहीत नसत. पुढच्या रविवारी ते जिना उतरून आमच्या दारात आले. हातात चेंडू होता, पण फिरत नव्हता. म्हणाले, "पोरांचं सोडा. तुम्ही मागे असता. खरं सांगा, माझा चेंडू वळायचा थांबलाय का?"

मला तेव्हा एकच वाक्य म्हणायचं होतं. आत कुकरची शिट्टी झाली, मी मागे पाहिलं, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळून म्हणालो, "वयाप्रमाणे थोडं होणारच हो."

"गेनाऊ," ते म्हणाले. "मलाही तेच वाटत होतं. सॉरी, तुम्हाला उगाच धावायला लावलं एवढे दिवस." ते वर गेले. त्या दुपारी छतावर काही वाजलं नाही. ही कान लावून बसली आणि म्हणाली, "आज शांत आहेत वरचे." नंतरच्या रविवारीही शांतच होतं. आमच्या इमारतीत इतका कडक रूहेत्साइट कुणी पाळला नसेल.

हिवाळ्यात जिन्यात माझा पाय चुकला, तेव्हा हिने हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. गाडी वरच्यांनी चालवली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले आणि वरच्यांसमोरच मला विचारलं, मोतीबिंदू इतका पिकेपर्यंत तुम्ही थांबलात कशाला, हे गेल्या कित्येक वर्षांचं दिसतंय. वरच्यांना जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. ते समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत राहिले, मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत. परत येताना हायवेवर त्यांनी गाडी उजव्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाले, "सॉरी हो कीपर. तुम्हाला नीट दिसतंय का, हे मी विचारायला हवं होतं."

मी हीटर वाढवला.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा झाडाचं पानन्‌पान दिसायला लागलं. पहिल्यांदा बाल्कनीत उभा राहिलो, तर खाली पार्किंगमध्ये वरचे बाजाराची पिशवी घेऊन येत होते. छोट्या संत्र्यासारखी एक मँडरिन पिशवीतून निसटली. त्यांनी ती वरच्या वर झेलली, इकडेतिकडे पाहिलं, आणि बोटांनी एक गिरकी देऊन फरशीवर सोडली. ती पडली आणि काटकोनात वळून कचऱ्याच्या डब्याला जाऊन लागली. ते डब्याला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते सांगायला नको.

मग त्यांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे ड्रेस्डेनला नेलं. दर रविवारी मी फोन करायचो. म्हणायचं ते जिभेवर तयार असायचं. पण फोन उचलताच ते आधी म्हणायचे, "सॉरी, उचलायला उशीर झाला," आणि माझं वाक्य मागे राहायचं. या वसंतात फोन त्यांच्या मुलीने उचलला. सॉरी काका, ती म्हणाली, कळवायला उशीर झाला.

आता वर एक तरुण जोडपं राहतं, अनवाणी चालणारं. रविवारी दुपारी मी छताकडे तोंड करून पडून राहतो आणि ते वाक्य म्हणून बघतो. लांबलचक नाही. चेंडू वळत होता हो. शेवटपर्यंत वळत होता. मला दिसत नव्हता, आणि मी हात पसरले. सॉरी.