पंचमीचा दुसरा दिवस

आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारायची, आईबापांनी "भातं पोटरीला आलती तवा" असं काहीतरी सांगायचं आणि गुरुजींनी सुस्कारा सोडून एक जून लिहून टाकायचं. माझ्या थोरल्या भावाचाही एक जून, माझाही एक जून. मावळात हे कुणाला खटकत नाही. अडलं ते थेट जर्मनीत, परदेशी लोकांच्या कचेरीत काचेपलीकडे बसलेल्या एका सभ्य बाईंपाशी. तारखेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना फक्त जन्माचा दाखला हवा होता.

मी मावळातल्याच आंबीच्या एका कारखान्यात मशीनवर होतो. कंपनीनं तिकडच्या मोठ्या कारखान्यात वर्षभरासाठी पाठवलं, मी गेलो आणि राहिलोच. लग्नाचं वयही तिकडेच निघून गेलं. तिथं राहायचा परवाना दोन-दोन वर्षांचा मिळायचा. तो संपत आला की कचेरीत भेटीची वेळ मिळवायची आणि ती मिळता मिळायची नाही. जेवणाच्या सुटीत बाकीचे गप्पा मारायचे आणि मी फोनवर एकच पान पुन्हा पुन्हा उघडत बसायचो. दर वेळी तेच उत्तर, सध्या वेळ उपलब्ध नाही. माणसानं एखाद्या देशाचं दार ठोठावत राहावं आणि आतून कुणी 'कोण आहे' असंही विचारू नये, तसं वाटायचं.

या वेळी अर्ज कायमच्या रहिवासाचा होता. कारखान्यात माणसं कमी करायची कुजबुज होती. नोकरी गेली तर परवानाही जाणार. हा एक कागद झाला असता तर निदान राहायला मिळालं असतं. आंबीला माझ्या मशीनवर कधीच दुसरा उभा राहिला होता. घरची जमीन भाऊ कसतो. तिथं जाऊन मी काय करणार, बांधावर उभा राहून त्याला सल्ले देणार?

माझा जन्म घरातला, ग्रामपंचायतीत नोंद नाही. शेवटी असं ठरलं की आईनं गावाकडच्या तहसील कचेरीत साहेबांसमोर प्रतिज्ञापत्र करायचं : माझा मुलगा अमुक गावी अमुक तारखेला जन्मला. तारीख पासपोर्टवरचीच हवी, एक जून. मला वाटलं, एका अंगठ्याचं काम. आईला मी ओळखायला हवं होतं.

कारण माझा खरा दिवस आईकडे होता. नागपंचमीला सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. पंचमीला आमच्याकडे काही कापत नाहीत, चिरत नाहीत. विळी-कोयता सगळं बाजूला ठेवलेलं. सुईण म्हणाली, आज पोर झालं तर नाळ कशानं कापू? मग आईनं तो दिवस आणि ती रात्र दातओठ खाऊन काढली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मी झालो. "धरून ठिवला व्हता तुला," ती सांगायची. डॉक्टर हे ऐकून हसतील. मी कधी हसलो नाही.

तिकडची रीत अशी की ज्याचा वाढदिवस त्यानंच केक न्यायचा. दर एक जूनला मी केक घेऊन जायचो, सगळे हात मिळवायचे, मी आभार मानायचो. चोरीचं घड्याळ घालून मिरवल्यासारखं वाटायचं. आणि मग श्रावणात कधीतरी, मला पंचमी केव्हा आहे याचा पत्ताही नसताना, आईचा फोन यायचा. "आज झालास तू." एवढंच. नंतर भातं कशी आहेत, म्हैस आटली का, हे सगळं. त्या दिवशी मी घरी जाऊन एकट्यापुरता शिरा करायचो. वर्षभरात तेवढा एकच दिवस असा होता की मी कुणाचा तरी आहे असं मला खरंच वाटायचं.

जुलैत रजा काढून गावी आलो. आमचं गाव तिकोणा पेठेच्या अलीकडे, पवना धरणाच्या बाजूला. भाताच्या आवण्या, म्हणजे लावण्या, चालू होत्या. भाऊ गुडघाभर चिखलातून वर आला आणि म्हणाला, "बरा मोका साधलास, ऐन आवणीत." रात्री जेवताना मी कागदाचं सांगितलं. आईनं भाकरी मोडायची थांबवली.

"एक जूनला कोन झालता?"

"मी. कागदावर."

"कागद बाळातीण झालता का मी?"

भाऊ ठसका लागेपर्यंत हसला. ती हसली नाही. "साहेबापुढं मी खोटं बोलायची न्हाई. पंचमीपोतर ऱ्हा, मग बघू."

"आई, भेटीची वेळ पंचमीच्या आधीची आहे. ती चुकली तर पुन्हा मिळणार नाही."

ती ताट उचलून उठली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून पडवीत बसली होती. भावानं आवणीचा एक दिवस मोडला आणि गाडी काढली. धरणाकडे निघालेल्या सहलवाल्यांच्या गाड्या वाटेत आडव्या येत होत्या आणि तो प्रत्येकाला वेगळी शिवी देत होता. कामशेतला चहाला थांबलो. भाऊ टायरमध्ये हवा भरायला गेला तेव्हा आईनं मला विचारलं,

"ह्यो कागद न्हाई झाला तर तुला तितं ऱ्हाऊ देनार न्हाईत?"

"बहुतेक नाही."

"मग हितं ये की."

मला "येतो" म्हणता आलं नाही. खोटं म्हणूनसुद्धा म्हणता आलं नाही. मी बशीतला चहा बघत राहिलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसून उठली. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

वडगावच्या कचेरीत साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि मोठ्यानं विचारलं, "मावशी, मुलगा एक जूनला झाला, हे खरं ना?"

"व्हय," आई म्हणाली. "एक जूनलाच झाला."

तिनं अंगठा शाईत टेकवला आणि दाखवलेल्या जागी लावला. परतीच्या वाटेवर ती काचेबाहेर बघत होती. बघायला काही नव्हतं, धुक्यात तिकोणा किल्लासुद्धा दिसत नव्हता.

मी गेलो. काचेपलीकडच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला, शिक्का पाहिला आणि मान डोलावली. थंडी पडायच्या आत कार्ड हातात आलं. खोलीवर येऊन ते टेबलावर ठेवलं आणि कुणाला दाखवावं याचा विचार करत बसलो. भावाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

त्याआधी श्रावण येऊन गेला होता. त्या वर्षी मी मुद्दाम पंचमी बघून ठेवली होती. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी फोन लॉकरमध्ये न ठेवता खिशात ठेवला. आला नाही. संध्याकाळी मीच केला. आई भातांविषयी बोलली, म्हशीविषयी बोलली, पायाच्या दुखण्याविषयी बोलली. वय झालं, विसरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिरा केला नाही.

पुढच्या एक जूनला नेहमीसारखा केक घेऊन गेलो. जेवणाच्या सुटीत सगळे जमले आणि फोन वाजला.

"आज झालास तू," आई म्हणाली.

"आई, आज नाही गं. पंचमीला अजून अवकाश आहे."

"साहेबापुढं सांगितलंय मी. एका मानसाचं दोन-दोन दिस कसं व्हतील? सकाळीच तुझ्या फोटूला ववाळलं." मग थोडं थांबली. "तितं समदी ह्याच दिशी करत्यात ना तुझं? मग ह्योच बरा. पंचमीला तू तितं एकटाच असायचास."

कुणीतरी माझ्या हातात सुरी दिली होती आणि सगळे मी केक कापायची वाट बघत उभे होते.