जनरलच्या नावाचा गिरणीवाला

साकालेंगा पोटात होता तेव्हाची गोष्ट. भर लढाईत त्याच्या आईला, रुफिनाला, कळा सुरू झाल्या. जनरल साकालेंगाच्या माणसांनी तिला झोळीत घालून मिशनच्या दवाखान्यात पोचवलं. बाईनं पोराला जनरलचंच नाव ठेवलं. आणि आमच्या पठारावर नाव लावणारा म्हणजे जणू तोच माणूस: नाव ज्याचं, मान त्याचा. मान त्याचा, शिव्याही त्याच्याच, आणि जाबही नाव लावणाऱ्यानंच द्यायचा.

युद्ध संपलं, जनरल गेला. अर्धं गाव त्याला देव मानतं, अर्धं त्याचं नाव काढलं की थुंकतं. दोघांच्याही तावडीत सापडायचा हा बिचारा. "जनरल, माझं मक्याचं कोठार का रे जाळलंस?" म्हणत एखादी म्हातारी गिरणीत अंगावर धावून यायची. हा टोपी काढायचा. "चुकलं, मावशी. द्या ती टोपली, तुमचं दळण आधी." म्हातारी हसत हसत शिव्या द्यायची. जनरलचा जुना अंगरक्षक झेफेरिनो तर रोज सकाळी दारात टाच आपटून सलाम ठोकायचा, आणि हा "विश्राम!" म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. गुणी माणूस हो! पीठ याचं आणि खटले जनरलचे.

अशा माणसाचा जीव जडावा कुणावर? तर फेलिस्बेर्ताच्या लुर्देशवर!

"अरे मेल्या, गावात दुसरी पोरगी नव्हती?" मी रुफिनाची मैत्रीण; मी कपाळावर हात मारला. त्र्याण्णव साली जनरलच्या माणसांनी फेलिस्बेर्ताच्या नवऱ्याला, एवारिश्टोला, सभेला म्हणून बोलावून नेलं, तो परत आलाच नाही. लुर्देश तेव्हा पोटात होती.

"तुम्हीच जा ना मागणी घेऊन, मावशी," तो म्हणाला. "ती नाही म्हणाली तर मी कुणाशीच करणार नाही."

गेले, काय करते! मागणीचं पत्र, कापड, बिअरचे खोके, आणि आमच्या बाजूनं साकालेंगासोबत चार वडीलधारे. त्यांत झेफेरिनोही होता. फेलिस्बेर्तानं पत्राला हातसुद्धा लावला नाही. ती थेट साकालेंगापुढे येऊन उभी राहिली.

"नाव लावतोस ना? मग सांग. माझा माणूस नेलास, तो कुठे ठेवलास? सांग, आणि पोरगी घेऊन जा."

'चुकलं, मावशी' त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. त्यानं ते गिळलं. आत लुर्देश रडत होती. तेवढ्यात त्याची नजर झेफेरिनोकडे गेली. म्हातारा मान खाली घालून बसला होता आणि फेलिस्बेर्ताकडे पाहायचं टाळत होता.

"झेफेरिनो!"

म्हातारा ताडकन उभा राहिला.

"तुला ठाऊक आहे."

"तोंड उघडायचं नाही असा हुकूम आहे, जनरल."

"कुणाचा?"

"तुमचा."

"मग तो मी मागे घेतो. बोल."

सव्वीस वर्षं दाबून ठेवलेलं म्हातारा उभ्या उभ्या बोलला. नदीपलीकडचं निलगिरीचं बन, वठलेल्या झाडापासून सात पावलं. "खड्डा मीच खणला, बाई. शेवटपर्यंत तो तुमचं नाव घेत होता." त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी हात सावधान उभ्या शिपायासारखे ताठ.

फेलिस्बेर्ता पुढे सरसावली. आता ही म्हाताऱ्याचं नरडं धरते, असं मला वाटलं. पण तिनं मागणीचं पत्र उचललं आणि माझ्या हातात परत दिलं. साकालेंगानं डोळे मिटून घेतले.

"फाडू नकोस," ती मला म्हणाली. "पुढच्या वर्षी हेच घेऊन ये." मग साकालेंगाकडे वळली. "इतकी वर्षं मी त्याच्या वाटणीचं ताट वाढत आले रे. लग्न थांबू दे वर्षभर. आधी मला विधवा होऊ दे."