हळदीखालचं हसू

राजेश्वरीच्या दारावर पाटी आहे : ‘जुन्या रेकॉर्डी धुऊन, सरळ करून मिळतील. गप्पा मारायला येऊ नये.’ दुसरं वाक्य तिनं मागाहून, जास्त जाड अक्षरांत घातलंय. लोणावळ्यात शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसांना वेळ घालवायचा असतो आणि राजेश्वरीला तो अजिबात घालवायचा नसतो. “आंटी, कित्ती क्यूट!” करत कुणी जिन्यात फोटो काढायला लागलं की ती आतून ओरडते, “क्यूट कुत्र्याचं पिल्लू असतं. रेकॉर्ड आणली असेल तर वर या.”

तिचे वडील खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी होते. बंगला विकला गेला तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, माळ्यावरचं सगळं फेकून द्या. त्या सगळ्यात पोतंभर रेकॉर्डी होत्या. घाटमाथ्यावरचा पावसाळा चपलांना सोडत नाही, पट्ट्यांना सोडत नाही, ट्रंकेतल्या शालूलाही सोडत नाही. रेकॉर्डींना काय सोडणार? सगळ्यांवर बुरशीची पांढरी साय. शाळकरी राजेश्वरीनं त्या धुतल्या आणि चुलीजवळ सुकत मांडल्या. संध्याकाळपर्यंत एकूण एक रेकॉर्ड पळसाच्या द्रोणासारखी वळली. आई हसून हसून बेजार. राजेश्वरी मात्र दोन दिवस जेवली नाही. रेकॉर्डींशी तिचं जे काही नातं आहे ते असं, वाटोळं करूनच सुरू झालं.

पुढं ती बी.एस्सी. झाली, लोणावळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आणि निवृत्त होईपर्यंत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांचं रक्त बघत बसली. लॅब बंद झाली तेव्हा तो सूक्ष्मदर्शक तिनं घरी आणला. आता त्याच्याखाली रेकॉर्डी असतात. कुठून कुठून कुरिअरनं येतात. मोडक्या, वाकड्या, चहा सांडलेल्या, उंदरांनी कव्हर खाल्लेल्या. कलकत्त्याच्या एका गृहस्थांच्या रेकॉर्डीवर तर मांजर व्यालं होतं. राजेश्वरी त्या नीट करते, चोख करते, आणि वेळेवर परत पाठवते. स्वतःच्या दोन खोल्या भरून आहेत त्या वेगळ्या. त्यांच्या फळ्यांखाली ओल धरू नये म्हणून अख्खा पावसाळा बल्ब जळतात. दुर्मीळ रेकॉर्ड दिसली की “विकणार का?” असं ती तोंडावर विचारते. लाजत नाही. संग्रह करणारं माणूस लाजून कसं चालेल?

तर गेल्या थंडीत पायल नावाची एक मुलगी तिच्याकडं आली. तळेगावजवळच्या इंदुरीची, तिथल्याच आंबीच्या कारखान्यात माल तपासणारी. बरोबर दोन म्हाताऱ्या. एक तिची आजी शालूबाई. बारीक अंगाची, गप्प. दुसरी शालूबाईची नणंद कस्तुराबाई; विधवा झाल्यापासून माहेरीच असलेली, धिप्पाड, छातीशी पितळी ताट धरून. ताटात लाल कापड आणि कापडात रेकॉर्ड.

राजेश्वरीनं कापड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, “अगं आई गं!”

मध्यम बशीएवढी तबकडी. पण काळी म्हणायची कशी? पिवळीधमक, वर कुंकवाचे थर, मधे तुपाचा डाग, कडेला अक्षता चिकटलेल्या. मधल्या कागदावर कसंबसं वाचता येत होतं : बाजीराव आणि पार्टी, इंदुरी.

“आमच्या आबाची हाय,” कस्तुराबाई म्हणाली. “दर दसऱ्याला पुजतो. ढोलकी, टाळ, तुणतुणं आनि ही. एक साल चुकलं न्हाई.”

“ते दिसतंय,” राजेश्वरी म्हणाली. “वाजली कधी होती?”

“चावडीवर यंत्र हुतं तवा. ते बिघडलं. मंग पाटावर ठिवली, त्याला पन्नास सालं झाली.”

म्हणजे पन्नास वर्षांची हळद. राजेश्वरीला शिवी हासडावीशी वाटली, पण ताटाकडं बघून तिनं ती गिळली. “मग आता का आणलीत?”

कस्तुराबाईनं भावजयीकडं बोट केलं. “हिला इचारा. हिला येड लागलंय. म्हंती, त्यात मी गायलेय.”

शालूबाई पदर सावरून म्हणाली, “गायलेय तर गायलेय म्हनते.”

गोष्ट अशी होती. बाजीराव म्हणजे शालूबाईचे सासरे, पंचक्रोशीतले नावाजलेले गाणारे. त्यांना मुंबईत रेकॉर्डसाठी बोलावलं. नवराबायकोच्या भांडणाचं सवालजवाबाचं गाणं. ऐनवेळी गाणाऱ्या बाईचा घसा बसला. नवी सून मुंबई बघायला म्हणून बरोबर गेली होती. पाणी भरताना गुणगुणायची ते सासऱ्यांनी ऐकलेलं. म्हणाले, उभी राहा. ती उभी राहिली. पण सासरा आणि सून नवराबायको होऊन गातात हे गावात कसं सांगायचं? परतीच्या वाटेवर त्यांनी सगळ्या पार्टीला दम भरला : बाई मुंबईची होती. शालूबाईच्या नवऱ्याला खरं माहीत होतं, पण तो बापापुढं तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. सासरे गेले, नवरा गेला, पार्टीतलं एकेक माणूस गेलं. मग एकदा शालूबाईनं सांगितलं, तर घरभर हशा पिकला.

“लय दिस झाले, म्हातारीला सपान पडतं,” कस्तुराबाई म्हणाली.

“शेवटाला मी हसलेय त्यात,” शालूबाई राजेश्वरीला म्हणाली, अगदी हळू. “मामंजींनी मान हालवली आनि त्यांचा फेटा सुटून माईकवर पडला. मला हसू आवरंना. यंत्रवाला म्हनला, राहू द्या, झ्याक वाटतंय. त्येवढं ऐकवा, बाई. मरायच्या आत एकदा माजं मला ऐकू द्या.”

असलं हळवं बोलणं राजेश्वरीला आवडत नाही. ती खेकसली, “मरायचं नंतर बघू. आधी धुवायची.”

“धुवायची?” कस्तुराबाईनं ताट ओढून घेतलं. “देव धुवायचा?”

“देवाला अभिषेक घालत नाही का तुम्ही?”

“घालतो. आनि त्ये पानी तुळशीला वततो. तुज्या साबणाचं पानी कुटं वतू? मोरीत? पन्नास सालांचं हळदकुंकू मोरीत?”

भांडण लांबवणं हा राजेश्वरीच्या मते वेळेचा शुद्ध अपव्यय. तिनं सूक्ष्मदर्शक पुढं ओढला, रेकॉर्डीची कड त्याच्याखाली धरली आणि कस्तुराबाईला म्हणाली, “बघा.”

कस्तुराबाईनं एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही मिटला, मग पायलनं तिची मान धरून नीट लावली.

“नांगरलेलं रान दिसतंय,” कस्तुराबाई म्हणाली. “सऱ्याच सऱ्या. चिखलानं बुजल्याल्या.”

“त्या सऱ्यांत तुमच्या आबांचा आवाज आहे. आणि तो चिखल म्हणजे तुमची हळद.”

“आगं बया. म्हंजी आमीच त्येचं तोंड दाबलं व्हय?” कस्तुराबाई मागं सरली. पण ताटावरचा हात निघाला नाही. “तरीबी मोरीत न्हाई.”

राजेश्वरी खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग वळली, फडताळातून सुताराचा पांढरा गोंद काढला आणि टेबलावर आदळला. “मोरीत नाही. एक थेंब नाही. हा गोंद वर पसरायचा. सुकला की त्याची पातळ पापडी होते. ती उचलली की सऱ्यांतलं सगळं तिला चिकटून वर येतं. ती पापडी तुमची. हळदकुंकवासकट घरी न्या आणि देव्हाऱ्यात ठेवा. जुन्या लाखेच्या तबकड्यांना हे सोसत नाही. ही प्लॅस्टिकची आहे, हिला सोसतं.”

“समदं येतं वर?”

“यायला पाहिजे.”

“न्हाई आलं तर?”

“तर दुसऱ्यांदा लावीन. तुम्ही इथं समोर बसा आणि बघा. फक्त बोलू नका.”

कस्तुराबाई समोर बसली. न बोलणं तिला जमलं नाही. अक्षता चिमट्यानं वेचून वाटीत ठेवताना “हळू गं”, तुपाचा डाग कापसानं टिपताना “दाबू नगंस गं”. तो कापूससुद्धा तिनं मागून घेतला आणि कापडात बांधला. गोंद पसरला तेव्हा म्हणाली, “लापशी केलीस की आबाची.” शालूबाई पदरात तोंड लपवून हसली. राजेश्वरीनं दोघींकडं डोळे वटारले आणि पंखा लावला.

गोंद सुकायला दुसरा दिवस उजाडणार होता. म्हाताऱ्या जायला तयार नव्हत्या. रेकॉर्डीपाशीच चटई टाकून निजल्या आणि एका रगासाठी भांडल्या. पायल सकाळी आंबीला कामावर न जाता परत आली. साहेबाला ताप आहे म्हणून कळवलंय म्हणाली. कुणाला ताप, साहेबाला की तिला, ते राजेश्वरीनं विचारलं नाही.

मग पापडी उचलायची वेळ आली. कडेपासून राजेश्वरीनं नखानं हळूच सोडवली, आणि ती सरसर करत अख्खी वर आली. उजेडात धरली तर सोन्याचा पत्रा वाटावा अशी पिवळी, मधे मधे लाल, आणि अंगावर सगळ्या सऱ्यांचे बारीक ठसे. आणि खाली? खाली काळीभोर, ओल्या पाटीसारखी लखलखीत रेकॉर्ड.

“कुरडईचा घाट न्हाई जमला एवढा कदी,” कस्तुराबाई पुटपुटली आणि पापडी दोन्ही हातांनी ताटात घेतली. कपाळाला लावली.

राजेश्वरीनं रेकॉर्ड चढवली. सुई टेकवली. तिच्या घरात सुई टेकली की बोलायचं नाही, हा नियम आहे. खोकायचं तरी दाराबाहेर जाऊन.

खरखर. मग तुणतुणं. मग ढोलकीनं असा काही ठेका धरला की पायलचा पाय हलायला लागला. आणि एक भरदार, खडा आवाज : ‘चल गं राणी, तळेगावी, बाजार भरला भारी!’

“आबा,” कस्तुराबाई म्हणाली. बस, एवढंच. गालावरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं.

मग बाईचा आवाज आला. कोवळा, जरा घाबरलेला, पण सुरात चोख : ‘नुसता बाजार नको मला, घ्याल का चोळी जरतारी?’

शालूबाईनं टेबलाची कड धरली.

“मुंबईचीच बाई हाय,” कस्तुराबाई नियम मोडून म्हणाली. “बघा, कशी ठसक्यात गाती.”

कडव्यामागून कडवं चाललं. शेवटचं कडवं आलं, बाजीरावांनी तान घेतली, ‘चोळी राहू दे, लुगडं घे गं, लुगडं–’ आणि सुई अडकली. लुगडं. लुगडं. लुगडं. लुगडं.

राजेश्वरीनं सुई उचलली. रेकॉर्ड सूक्ष्मदर्शकाखाली घातली. कधीतरी उदबत्तीचा निखारा पडला असावा. एका जागी प्लॅस्टिक वितळून मोहरीच्या कणीहून बारीक गाठ झाली होती, नेमकी सरीवर आडवी. ती सुईच्या टोकानं खरवडता येते. हात घसरला तर सरीच तुटते.

“शालूबाई,” राजेश्वरी म्हणाली, “खरं सांगते. हात चुकला तर पुढचं कायमचं गेलं. तुमचं हसू त्याच्याच पुढं आहे. करू का?”

इतकी वर्षं ते हसू कुठंतरी आहे एवढाच शालूबाईला आधार होता. आता तोही जायचा. तिनं नणंदेकडं बघितलं.

“कर की गं,” कस्तुराबाई म्हणाली. “आबा लुगड्यावर अडकून बसलाय. चारचौघांत बरं दिसत न्हाई.”

शालूबाई फस्सकन हसली. हसताना तिचा श्वास आधी आत ओढला जातो, उचकी लागल्यासारखा, आणि मग सुटतो. “करा, बाई,” ती म्हणाली.

राजेश्वरीनं मनगटाखाली उशी घेतली. बारीक सुईनं ती गाठ कणाकणानं काढत राहिली. मग तबकडी हातानं उलटी फिरवून प्लेअरची सुई तिथून पुन्हा पुन्हा नेली, वाट मळावी तशी. शेवटी म्हणाली, “आता जे असेल ते.”

‘चोळी राहू दे, लुगडं घे गं, लुगडं घे गं भारी!’ टकटक झाली, पण सुई पुढं गेली. ढोलकी थापेवर आली, आणि मधेच काहीतरी धप्पकन पडलं. आणि मग हसू. आत ओढलेला श्वास, उचकी, आणि मग खळखळून सुटलेलं, सतरा वर्षांच्या पोरीचं हसू. ढोलकीवाल्यालाही आवरलं नसणार, कारण शेवटची थाप चुकलेली ऐकू येत होती.

खोलीत पायल हसली. अगदी तशीच, आधी आत, मग बाहेर. तिघींनी तिच्याकडं बघितलं.

कस्तुराबाईचं तोंड उघडंच. तिनं रेकॉर्डीकडं बघितलं, नातीकडं बघितलं, मग भावजयीकडं.

“तूच व्हय गं, भवाने!”

“म्या काय म्हनत हुते, वन्सं?”

“आनि आबानं तुला उभी केली? मी पोटची लेक, मला न्हाई नेलं? माजा गळा तुज्यापरीस बरा हुता!”

“हुता की,” शालूबाई डोळे पुसत म्हणाली. “पर तुमी मुंबईला आला असता तर दोन तिकिटांची जागा लागली असती, म्हनून मामंजींनी...”

कस्तुराबाईनं तिच्या पाठीत दणका घातला आणि तिलाच मिठी मारून बसली. दोघी हसत होत्या की रडत होत्या, ते विचारायच्या भानगडीत राजेश्वरी पडली नाही. तिनं नवं पांढरं कव्हर काढलं, त्यावर लिहिलं : ‘बाजीराव व शालूबाई, इंदुरी.’ पुढ्यात होती ती बहुधा जगात उरलेली एकुलती एक रेकॉर्ड. “विकणार का?” हे शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले. तिनं ते परत ढकलले. नंतर दोन दिवस तिला त्याची हळहळ वाटली, खोटं कशाला बोला?

“नीट ऐका,” ती म्हणाली. “पाटावर पापडी ठेवायची. रेकॉर्ड कव्हरात, उभी. तिच्यावर हळद टाकलेली मला दिसली तर मी इंदुरीला येऊन भांडेन.”

“ये की,” कस्तुराबाई म्हणाली. “दसऱ्याला ये. यंत्र घिऊन ये. समद्या गावाला दावायचंय, हिला येडी म्हननारी मीच हुते म्हनून.” मग टेबलावर बोट आपटलं. “आता परत लाव.”

“पहिल्यापासून?”

“न्हाई गं. त्या हसण्यापास्नं.”

राजेश्वरीनं सुई टेकवली. आणि बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी तिनं स्वतःच मोडला. ती इतक्या मोठ्यानं हसली की खाली जिन्यात फोटो काढत उभी असलेली दोन माणसं दचकून वर बघायला लागली.