हेलिकॉप्टर आधी कोणी उडवायचं

"इंजिनात लई जोर हाय, पोरीच्या अंगठ्यात न्हाय," गॅरेजवाले काका म्हणाले. मी तेव्हा हेलिकॉप्टरवरचं तेल फडक्यानं पुसत होते. मान वर केली नाही.

हेलिकॉप्टर मामांचं. मॉडेलचं, कवेत मावेल एवढं. पण इंजिन खरं, इंधनावर चालणारं. सुरू झालं की बांधापलीकडच्या म्हशी कान टवकारतात. येडशी गावाबाहेरच्या माळावर मामांनी मला ते उडवायला शिकवलं. पुढं आजारपणात त्यांचा डावा हात कापू लागला आणि त्यांनी रिमोट माझ्याकडं दिला. त्यांना माळापर्यंत जाणं जमेना. म्हणून ज्वारीची रास झाली, मळणी उरकून घरामागचं शेत मोकळं झालं, तसे आम्ही तिथंच उडवू लागलो.

आणि तिथंच हे सुरू झालं. हेलिकॉप्टर बांधावरच्या कडुलिंबाच्या शेंड्याएवढं वर जायचं, मग इंजिनाचा आवाज जड व्हायचा, शेपूट डगमगायची आणि अंगठ्यानं थ्रॉटलची काडी कितीही पुढं रेटली तरी ते खाली बसू लागायचं. पण हे फक्त माझ्या हातात. गॅरेजवाले काका, म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, रविवारी यायचे. त्यांच्या हातात ते सरळ वर चढायचं. ट्रॅक्टर दुरुस्तीत त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी प्लग बदलला, इंधन कमीजास्त करणारी सुई फिरवून बघितली, नवीन इंधन आणलं. फरक पडला नाही. मग उरला माझा अंगठा.

"पुढच्या रविवारी असंच झालं तर ह्यालाच देऊन टाकतो," मामा काकांकडं बोट करून म्हणाले. "पडून मोडण्यापेक्षा बरं." हे ते मला नाही, मामीला म्हणाले. मी तिथंच होते.

मी भांडले नाही. मला बोलायला वेळ लागतो. मनात वाक्य जुळवेपर्यंत माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून लोकांना वाटतं, ही शिष्ट आहे. वाटू दे. जो बोलत नाही त्याला बघायला भरपूर वेळ मिळतो.

तो आठवडा मी मागचे रविवार एकेक करून डोळ्यांसमोर आणत राहिले. सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. आमच्याकडं चहाचा पहिला कप मोठ्या माणसाला, तसा रिमोटही. इंजिन सुरू झालं की मामा म्हणायचे, "आधी काकांना दे." काका दोन-चार चकरा मारायचे, खाली उतरवायचे आणि चालू इंजिनानिशी रिमोट माझ्या हातात द्यायचे. म्हणजे गार इंजिन कायम त्यांना आणि तापलेलं कायम मला.

काकांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. तरी मला राग आला, आणि तो मी रविवारपर्यंत जपून ठेवला.

रविवारी इंजिन सुरू झालं. काकांनी सवयीनं हात पुढं केला.

"आज आधी मी," मी म्हणाले.

"अगं, मोठी माणसं हुभी हायत," मामा म्हणाले.

काका हसले. "आधी उडवलं म्हंजी अंगठ्यात जोर येतो व्हय? इंग्लिश शाळंत असं शिकवतेत का?"

"हो," मी म्हणाले.

मागच्या दारातून मामी ओरडली, "उडवू द्या की तिला! तुमचं काय विमान चुकतंय का?"

हेलिकॉप्टर लिंबाच्या वर गेलं. आवाज शेवटपर्यंत खणखणीत. काकांसारख्याच चकरा मारून मी उतरवलं आणि चालू इंजिनानिशी रिमोट त्यांना दिला. त्यांनी उडवलं. शेंड्याजवळ आवाज जड झाला, शेपूट डगमगली. काका कसंबसं खाली घेऊन आले.

"वारं फिरलं," ते म्हणाले. शेतात पाचोळासुद्धा हलत नव्हता.

"काका, तुमच्या अंगठ्याला काय झालं?"

बोलून गेले आणि माझे कान तापले. मामांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मी माफी मागितली नाही.

मी इंजिन बंद केलं आणि आतल्या पंख्यावरचं प्लास्टिकचं कवच खोललं. मोटारसायकल पळते म्हणून तिचं इंजिन वाऱ्यानं गार होतं. हेलिकॉप्टर एका जागी तरंगतं, म्हणून त्याच्या इंजिनाला वारा द्यायला आत वेगळा पंखा असतो. त्या पंख्यानं रास झालेल्या शेतातला भुसा ओढून घेतला होता. धुरातल्या तेलात भिजून तो इंजिनाच्या डोक्यावरच्या खाचांत असा बसला होता, की सगळं शेणानं लिंपल्यासारखं दिसत होतं. वारा लागेना, म्हणून तापलं की इंजिन दमायचं.

काका वाकले. "आयला, रेडिएटर जाम झाल्यागत!" त्यांना एका नजरेत कळलं. दुसऱ्या नजरेत त्यांना सुटकेची वाटही सापडली. "पण मग हे साफ ठेवायचं काम कुणाचं? पुसायला तूच बसतीस न्हवं?"

"माझंच," मी म्हणाले. "म्हणून उडवणारही मीच."

मामीनं जुना टूथब्रश आणून दिला. मी भुसा उकरून काढला, खाचा रॉकेलनं धुतल्या आणि काकांनी फिरवलेली सुई इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेल्या जागी परत आणली. पुन्हा भुसा उडू नये म्हणून शेतात ताडपत्री अंथरली. काकांनी न सांगता तिचं दुसरं टोक धरलं, कडांवर दगड ठेवले.

इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांनी हात पुढं केला नाही. मामांनीच आठवण करून दिली, "काकांना दे की गं."

मी हेलिकॉप्टर वर नेलं. पहिली चक्कर, दुसरी चक्कर. ज्या वेळेला नेहमी आवाज जड व्हायचा ती वेळ आली आणि गेली. इंजिन तापलं होतं आणि तरीही वर ओढत होतं. मी ते लिंबावर नेऊन तरंगत ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

"झालं, उतरव आता," मामा म्हणाले. "सिद्ध झालं तुझं. काकांना दे."

ऐकू आलं मला. रिमोटवरचा अंगठा हलवला नाही. टाकीत अजून इंधन होतं.