माळ्यावरच्या भाभी

डोक्यावरचा पदर जराही ढळू न देता सोल्डरिंग करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. धुळ्याला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी ज्या मारवाडी जैन कुटुंबाकडे खोली घेतली, त्या घरच्या या सूनबाई. खाली रस्त्याला लागून त्यांचं कापडाचं दुकान, पहिल्या मजल्यावर घर, त्याच्यावर माझी खोली आणि खोलीला लागून एक लांबोळका माळा. सगळी गल्ली त्यांना भाभी म्हणायची, म्हणून मीही भाभीच म्हणू लागले. राहायला आले त्याच दुपारी माळ्यातून राळ जळल्यासारखा वास आला. घाबरून डोकावले, तर भाभी चटईवर मांडी घालून बसलेल्या. एका हातात सोल्डरिंग गन, दुसऱ्या हातात चिमटा. आणि समोर भिंतभर दुकानातले जुने लाकडी कप्पे, त्या कप्प्यांत बटणांच्या आणि छिद्रांच्या पत्र्याच्या पेट्या, आणि एका पेटीतून निघून दुसरीत शिरलेल्या लाल-पिवळ्या तारांचं रान.

"या टीचर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पंखा लावू नका हां. सोल्डर रुसतो."

मग त्यांनी गन ठेवली, एक बटण हळूच फिरवलं, आणि एखाद्या अवाढव्य जनावराने झोपेत कूस बदलावी तसा आवाज त्या भिंतीतून निघाला. पायाखालची फरशी थरारली. मी यावलची. केळीच्या बागा, मोटारपंप आणि शाळेची घंटा, एवढेच आवाज ऐकत वाढलेली. असा आवाज पृथ्वीवर असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

ते काय आहे, हे त्यांनी मला त्यांच्या पद्धतीने समजावलं. बाजारात मिळतो तो की-बोर्ड आणि हे, यांत फरक एवढाच, की की-बोर्डात आवाज तयार भरलेले असतात आणि इथे तो मुळापासून करावा लागतो. कच्चा आवाज काढणारी पेटी वेगळी, तो गाळणारी वेगळी, लहानमोठा करणारी वेगळी. कोणती कुणाला जोडायची ते तारांनी ठरतं. तार बदलली की आवाज बदलला. "सिंथेसायझर म्हणतात याला. पण मी याला घरच म्हणते," भाभी सांगायच्या. पेट्यांना नावंही घरचीच होती. काय पुढे जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवणारी, म्हणजे गाळणारी पेटी, तिचं नाव जेठजी, म्हणजे थोरले दीर. नुसता खरखराट करणारी छोटी नणंद. आणि सगळ्यांना एका ठेक्यात चालवणारी जी पेटी, तिचं नाव दादीसा. कारण त्या घरात चहापासून दुकानाच्या शटरपर्यंत सगळं त्यांच्या सासूबाईंच्या, दादीसांच्या वेळेवर चालायचं.

भाभींनी लग्नाआधी राजस्थानात, माहेरी, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. करायला घेतलं होतं. शेवटच्या वर्षाला लग्न ठरलं आणि त्या धुळ्याला आल्या. पुढे मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तेव्हा सुट्या भागांचं एक खोकं घरी टाकून गेला. "त्याने परीक्षा देऊन बंद केलं, मी परीक्षा न देता उघडलं," हे वाक्य त्या हसत सांगायच्या, पण त्यातली कळ लपायची नाही. मोबाईलवर बघून, जळवून, फोडून, पुन्हा करून त्या शिकल्या. पेट्यांचे पत्रे दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून कापून आणायच्या. सर्किटचा बोर्ड त्या घरीच तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये बुडवून काढायच्या. त्याचे तपकिरी डाग बोटांवर महिना महिना राहायचे. एका लग्नात कुणी बाईने त्यांचा हात धरून विचारलं, "मेहंदी छान चढलीय, कुठली?" भाभी शांतपणे म्हणाल्या, "थोडी कडक असते. तुम्हाला नाही सोसायची."

त्या डागांनीच त्यांना माळ्यावर धाडलं होतं. सुरुवातीला हा कारभार स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर चालायचा. एकदा भांडं कलंडलं आणि दादीसांच्या पांढऱ्या फरशीवर कायमचा तांबूस नकाशा उमटला. त्यात नेमका पेट्यांचा हुंकार. दादीसा कडाडल्या, "घर में भूत पाळ्यो है कांई?" त्या दिवसापासून यंत्र वर. भाभींना याचं वाईट वाटलं असेल म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "छे! ओट्यावर चारच पेट्या मावत होत्या. दादीसांनी रागावून मला आख्खी भिंत दिली."

दुपारी जेवणं आटोपली, दादीसा आडव्या झाल्या, की भाभी माळ्यावर यायच्या. शनिवारी माझी शाळा सकाळची, त्यामुळे मीही जायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आवाजाला बसायला जागा द्या, तो आपणहून बोलतो." एकच सूर लावून त्या बराच वेळ नुसत्या बसून राहत. मला आधी त्यात काहीच कळायचं नाही. मग हळूहळू त्या एका सुरात दुसरा, दुसऱ्यात तिसरा दिसू लागायचा, उन्हात डोळे किलकिले केले की पांढऱ्या भिंतीवर रंग दिसू लागतात तसा. खाली भाजीची गाडी यायची. भाजीवाल्या अक्का एकदा खालून ओरडल्या, "भाभी, वर कोन रडी ऱ्हायनं वं?" भाभींनी खिडकीतून तितक्याच अस्सल अहिराणीत उत्तर दिलं, "रडत नही शे अक्का, बोलानं शिकी ऱ्हायनं!" रडत नाही, बोलायला शिकतंय.

मी तिथे राहत असतानाच दादीसांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी त्या लोकांवर चिडू लागल्या, की सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. मग आपल्याविषयी कुजबुज चालते असा संशय घेऊ लागल्या. कानाचं यंत्र आणलं, तर त्यातून ताटवाट्यांचा खणखणाट तेवढा मोठा व्हायचा, माणसाचं बोलणं नाही. त्यांनी ते काढून उशीखाली टाकलं, पुन्हा घातलं नाही. जैन स्थानकात प्रवचनाला जाणं सोडलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, रोज सकाळी त्या जे स्तवन म्हणायच्या ते थांबलं. स्वतःचाच सूर ऐकू येईना, तेव्हा एके दिवशी मधेच थांबल्या आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. ज्या बाईच्या आवाजावर ते घर चालायचं, ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. भैया, म्हणजे भाभींचे यजमान, रोज आईजवळ बसून मोठमोठ्याने बोलायचे आणि डोळे पुसत दुकानात उतरायचे.

एका शनिवारी मी वर गेले तर भाभी दोन पेट्या आणि एक स्पीकर मोकळा करून पिशवीत भरत होत्या. "टीचर, जरा हात लावा. खाली न्यायचंय."

"दादीसांच्या खोलीत? त्या चिडतील हो भाभी."

"चिडल्या तर बरंच होईल. कधीपासून चिडल्याही नाहीत."

दादीसा भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढत होत्या. भाभींनी त्यांना वळायला सांगितलं नाही. "हात दिसला तर त्या अंदाजाने मान हलवतील," मला म्हणाल्या. स्पीकर पलंगाजवळ ठेवून त्यांनी सुरुवात केली ती अगदी वरच्या सुरापासून. तो आवाज इतका बारीक आणि टोकदार होता की मी दोन्ही कान दाबून धरले. दादीसांचे मणी संथपणे सरकत राहिले. भाभींनी बटण केसभर फिरवलं. सूर थोडा खाली आला. मणी सरकतच होते. आणखी खाली. मण्यांची चाल तीच. मला ते बघवेना. जिवंत माणसासमोर एवढा कल्लोळ चाललेला आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. भाभींच्या कपाळावर घाम आला होता, पण हात स्थिर होता. सूर उतरत उतरत बाईच्या गळ्याच्या खाली गेला, पुरुषाच्या गळ्यापाशी आला, त्याच्याही खाली, विहिरीत बोलल्यासारखा झाला. आणि मणी थांबले.

दादीसांनी मान वळवली. "कुण बोल्यो?"

भाभींनी कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं आणि त्या बटणावर, जिथे ते होतं तिथेच, एक ठिपका दिला. मग उठून दाराबाहेर गेल्या आणि भिंतीला टेकून रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर बरेच दिवस माळ्यावर एकच काम चाललं. दादीसांच्या कानात वरचे सूर मेले होते, पण खाली एक पट्टा अजून जिवंत होता. त्या पट्ट्यात त्यांचं रोजचं स्तवन बसवायचं, असं भाभींनी ठरवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते रोज सकाळी ऐकलेलं. कुठे दादीसा श्वास घेतात, कुठे एक सूर जरा चढा लावतात, सगळं त्यांना पाठ होतं. "नुसती चाल नाही चालणार," त्या म्हणायच्या. "त्यांची चूकसुद्धा आली पाहिजे. नाहीतर त्यांना आपलं वाटणार नाही." त्यासाठी त्यांनी नव्या पेट्या केल्या, दोन फुकट गेल्या, बोटं भाजली. मग एका दुपारी सगळं खाली आणलं. स्पीकर पलंगाच्या फळीला उलटा आवळून बांधला, म्हणजे कानाला कमी पडलं तर लाकडातून अंगात जाईल.

वाजायला लागलं तेव्हा मला ते गाणं वाटलंच नाही. जमिनीखालून कुणीतरी फार मोठं, फार सावकाश चालत येतंय असं वाटलं. दादीसांनी आधी पलंगाच्या फळीवर तळहात टेकला. डोळे मिटले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरीला त्यांचे ओठ हलले. आणि मग, किती महिन्यांनी, त्यांचा आवाज आला. चिरका, गंजलेला, आधी सुराला सोडून भलतीकडे गेलेला. भाभींनी स्तवन पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी त्या म्हाताऱ्या गळ्याने खालचा सूर शोधला, चाचपडला आणि पकडला. तो पकडल्याचं आम्हाला दोघींनाही कळलं, कारण खोलीतली हवाच बदलली. खाली दुकानातलं बोलणं थांबलं होतं. भैया मीटरपट्टी हातात घेऊन तसेच जिना चढून आले आणि दारात उभे राहिले. स्तवन संपलं तेव्हा दादीसांनी डोळे उघडून सुनेकडे पाहिलं. "एक जगा जल्दी कर दियो," त्या म्हणाल्या. एका ठिकाणी घाई केलीस.

भाभी खुदकन हसल्या आणि पेचकस शोधू लागल्या.

पुढे रोज दुपारी ते चाललं. दादीसा पुन्हा सगळ्यांवर ओरडू लागल्या आणि घर रुळावर आलं. त्या वर्षी पर्युषण संपल्यावर, वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायच्या दिवशी, दादीसा नातवंडांना, नोकरांना, मलाही हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाल्या. मग पलंगाजवळच्या पेटीकडे वळल्या. तिच्या पत्र्यावर हात ठेवला आणि तिलाही तेच म्हणाल्या. कुणी हसलं नाही. भाभींनी पदर पुढे ओढला आणि पेटीच्या वतीने हात जोडले.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत दादीसा गेल्या. झोपेतच. पाहुणे आले, बैठक झाली, पाहुणे गेले. पेट्या वर माळ्यात परत आल्या, पण भाभींनी त्यांच्या तारा काढल्या नाहीत. एकही नाही. कुणाला झाडूसुद्धा मारू देत नसत. वीज लावत नसत, नुसत्या समोर बसून राहत. तेवढ्यात माझी आमच्या संस्थेच्या जळगावच्या शाळेत बदली झाली.

निघायच्या दिवशी बॅग जिन्यात ठेवून मी निरोप घ्यायला माळ्यात गेले, तर भाभी तारा काढत होत्या. एकेक तार उपसायची, पुसायची, खांद्यावर टाकायची. मला धक्काच बसला. त्या तारा निघाल्या की तो आवाज कायमचा जाणार, पुन्हा तसाच हुबेहूब लागत नाही, एवढं मला त्यांच्या सहवासात कळलं होतं.

"भाभी, निदान मोबाईलवर तरी घेऊन ठेवायचं होतं!"

"कुणासाठी टीचर?" त्या म्हणाल्या. "तो त्यांच्या कानाच्या मापाने शिवला होता. दुसऱ्या कुणाला येणार नाही." शेवटची तार त्यांनी माझ्यापुढे केली. "तुम्ही काढा. तो सूर सापडला तेव्हा तुम्ही होतात."

मी ती ओढली. काही झालं नाही. एक बारीक 'टक्' झालं, एवढंच. भिंतीवर छिद्रांच्या रांगा उघड्या पडल्या.  बसची वेळ होत आली होती.

खाली दुकानात कुणीतरी गिऱ्हाइकाला कापड फाडून दिलं. कात्रीने टोक कापायचं आणि मग दोन्ही हातांनी सरळ ओढायचं, तो लांबलचक चर्रर्र आवाज जिन्यातून वर आला. त्या घरात तो दिवसभर यायचा. भाभींनी मान उचलली.

"हा मी कधी केलाच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग खांद्यावरची एक लाल तार काढून त्यांनी तिचं एक टोक छोट्या नणंदेत घातलं, दुसरं जेठजींत. "सुरुवातीला जाडा पाहिजे. मग पुढे पुढे बारीक होत जातो, नाही का? ऐका बरं टीचर, खालून पुन्हा आला की सांगा."

मी चपला काढल्या आणि चटईवर बसले. बस गेली.