परसातली बार्शी लाईट

बहात्तर साली पाऊस आलाच नाही आणि उमादेवींची परसबाग दिवाळीच्या आत गेली. आधी मेथी, मग दोडक्याचा वेल, शेवटी कढीपत्त्याचं झाड. लातूरच्या त्या भाड्याच्या घरामागं तीस पावलांचं परस होतं. सतरा वर्षं त्यांनी ते हातानं खुरपलं होतं. आता आडाच्या तळाला रात्रभरात दोन घागरी झिरपायच्या, आणि त्यातलं पाणी झाडांना घालायचं म्हणजे पापच.

त्याच साली त्यांचे यजमान रेवणसिद्धप्पा, सगळ्यांचे अप्पा, रेल्वेतून रिटायर झाले. चौतीस वर्षं ते इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते. गाडी छोटी, अडीच फुटी रुळांवरची. सगळा मुलूख तिला बार्शी लाईट म्हणायचा. येडशीच्या चढावर ती इतकी हळू व्हायची की माणसं उतरून, बाभळीआड जाऊन, पुन्हा पळत येऊन चढायची.

घरी बसल्यावर अप्पांच्या हातांना काम उरलं नाही. त्यांनी कडीकोयंडे दुरुस्त केले, बाज विणली, शेजारणीचं शिलाई मशीन खोलून परत जोडलं. एके दिवशी ते जिनिंगमधून लोखंडी पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन आले. कापसाच्या गाठी आवळायच्या जुन्या पट्ट्या होत्या त्या.

"हे काय आणलाव?" उमादेवींनी विचारलं.

"रूळ."

"कशाचे?"

"बार्शी लाईटचे. तुझ्या वाफ्यांत मांडतो. मोकळेच हायेत की."

'मोकळेच हायेत' हे उमादेवींच्या काळजात रुतलं. दोन दिवस त्यांनी ताट ठेवलं ते न बोलता ठेवलं.

अप्पांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी बाभळीच्या ढलप्या तासून स्लीपर केले, त्यांवर पट्ट्या उभ्या बसवल्या. डालड्याचे डबे कापून डबे केले, म्हणजे गाडीचे डबे. इंजिनाला चार महिने लागले. तांब्याच्या नळीचा बॉयलर, खाली स्पिरिटची वात, पितळी चाकं. वाफ्यांच्या कडेकडेनं स्टेशनं लागली : लातूर, हरंगुळ, मुरूड, ढोकी, तेर, येडशी. एकही मागंपुढं नाही. गाडी उभी राहिली, पण चालेना. वाफेला पाणी लागतं, आणि घरात पाणी मोजून होतं.

अप्पांनी पाणी मागितलं नाही. कुणी बघायला आलं की ते इंजिन बोटानं ढकलायचे आणि तोंडानं शिट्टी वाजवायचे. साठीचा माणूस तोंडानं शिट्टी वाजवतोय, हे उमादेवींना स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचं. एक पेलाभर पाणी द्यावं असं त्यांच्या मनात यायचं. मग वाळलेल्या वेलाकडं नजर जायची आणि त्या पुन्हा चुलीकडं वळायच्या.

शिमग्यापर्यंत गावात बोभाटा झाला. लातूरबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसंही सुट्टी झाल्यावर डोकावून जायची. अशीच एका दुपारी कस्तुराबाई नावाची बाई आली. चाळिशीची, हातांना खडीचे घट्टे, काखेत पितळी चंबू. ढोकीला दिलेली, कामासाठी इकडं आलेली. ती वाफ्याच्या कडेला बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"चालतीया का ही?" तिनं विचारलं.

"चालंल की," अप्पा म्हणाले, "पाणी मिळालं तर."

"मिळालं तर म्हंजे? आजवर चाललीच न्हाई व्हय?"

"न्हाई."

कस्तुराबाईनं चंबूचं झाकण काढलं आणि इंजिनावर वाकली. अप्पांनी घाईघाईनं तिचा हात अडवला. "नको नको, बाई! पिण्याचं हाय ते."

"मी घरला जाऊन पीन. हिला कोण पाजणार?"

उमादेवी दारातच उभ्या होत्या. त्यांना भलतीच लाज वाटली. त्या आत गेल्या, घागरीतून पेला भरला आणि परसात आल्या. कस्तुराबाईच्या चंबूवर त्यांनी झाकण परत बसवलं.

"गाडी माझ्या घरची हाय," त्या म्हणाल्या. "पाणी पाहुण्यांनी घालायचं असतंय व्हय?"

पेला त्यांनी अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला. बॉयलरमध्ये ओतताना एक थेंबही बाहेर सांडला नाही. वात पेटवली. बऱ्याच वेळानं इंजिनानं फुस्स केलं, चाक हललं आणि गाडी निघाली. हरंगुळ गेलं. मुरूडच्या वळणावर ती आडवी झाली. अप्पांनी फडक्यानं उचलून परत रुळावर ठेवली. मग ती थेट येडशीपर्यंत गेली.

उमादेवींनी नवऱ्याकडं बघितलं. चौतीस वर्षं ते काळे होऊन घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. ते शेडमध्ये काय करायचे हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

"येडशीला वानरं कुठं हायेत?" कस्तुराबाईनं विचारलं. तिचं माहेर तिथलंच. लग्न होऊन निघाली तेव्हा मांडीवर पुरणपोळ्यांचं गाठोडं होतं. गाडी सुटता सुटता एका वानरानं खिडकीतून ते ओढून नेलं. "मी मोठ्यांदा रडले. समदे म्हणाले, पोरगी माहेरासाठी रडतीया. मी तर पोळ्यांसाठी रडत होते!"

उमादेवी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. दुष्काळ पडल्यापासून त्या हसल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी अप्पांनी मातीची पाच वानरं केली आणि येडशीच्या छपरावर बसवली.

पुढच्या साली पाणी झालं. वाफे पुन्हा हिरवे झाले, पण रूळ कुणी काढले नाहीत. मेथी दोन्ही अंगांनी आणि मधून गाडी, असं ठरलं. दोडक्याच्या वेलाखालून बोगदा निघाला. दर रविवारी माणसं यायची आणि काहीतरी सांगून जायची. ढोकीची पाण्याची टाकी डाव्या अंगाला हाय. तेरला स्टेशनासमोर लिंबाचं झाड हाय, त्याची एक फांदी वाळलेली. अप्पा मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत तसं करून ठेवायचे. उमादेवी भाजलेल्या शेंगांची परात घेऊन बसायच्या आणि आलेल्याला आधी विचारायच्या, "कुठवर जायचं?" प्रत्येकजण आपल्या गावाचं नाव सांगायचा.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गंजगोलाईच्या बाजारात पेढे वाटले, अप्पाही एक घेऊन आले. महिन्याभरानं घरमालक वीरण्णा आले. आडाच्या कट्ट्यावर बसले, चहा घेतला.

शेवटी म्हणाले, "अप्पा, जिल्हा झाला. आता हाफिसं येणार, माणसं येणार. पोरं म्हणायलीत, इथं दुमजली बांधू. मला सांगायला जड जायलंय."

"तुमची जागा हाय, वीरण्णा," अप्पा म्हणाले. "दसऱ्यापर्यंत मोकळी करतो."

शेवटच्या रविवारी परसात पाय ठेवायला जागा नव्हती. कस्तुराबाई ढोकीहून नातवंडं घेऊन गाडीनं आली. जाताना तिनं एक वानर मागून नेलं. सोमवारी अप्पा म्हणाले, "पट्ट्या भंगारात देऊ." उमादेवींनी ऐकलं नाही. एकेक पट्टी पुसून त्यांनी पोत्यांत बांधली.

मुलगी शिवगंगा नांदेडला शिक्षिका होती. दोघं तिच्याकडं गेली. तिथं गोदावरी जवळ, नळाला पाणी, सगळं बरं होतं. पण अप्पा दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. पोती बाजेखाली तशीच पडली. संक्रांत झाल्यावर उमादेवींनी एक पोतं ओढून अंगणात आणलं.

"मांडा."

"एवढ्याशा जागेत लातूर ते येडशी बसत न्हाई."

"मग उदगीर मांडा."

उदगीर त्यांचं माहेर. अप्पा चक्रावले. "उदगीर मोठ्या रुळांच्या लाईनवर हाय. आपली गाडी तिकडं कवाच गेली न्हाई."

"मला काय ठाऊक न्हाई? पण हितं कोण तपासायला येणार हाय?"

चौतीस वर्षं नोकरी आणि वर दहा वर्षं परस, एवढ्या काळात अप्पांनी एक स्टेशन इकडचं तिकडं केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फूटपट्टी घेऊन अंगणात उतरले.

"उमा," त्यांनी हाक मारली, "उदगीरच्या स्टेशनाचं दार कुणीकडं होतं?"

उमादेवी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. दार कुठं होतं हे त्यांना चटकन आठवेना. आठवलं ते वेगळंच. बाकावर टोपी काढून बसलेले वडील, त्यांच्या खिशातले फुटाणे, आणि फलाटावरचं रेलिंग, ज्याला धरून आई उभी राहायची. त्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या. अप्पा जमिनीवर खडूनं खुणा करत गेले.

पंधरा दिवसांनी शिवगंगाच्या शाळेतल्या तीन बाया गाडी बघायला आल्या. उमादेवींनी शेंगा पुढं केल्या. गाडीनं चक्कर पूर्ण केली तेव्हा एकीनं 'नांदेड ते उदगीर' ही पाटी वाचून विचारलं, "ही छोटी गाडी नांदेडहून थेट उदगीरला जायची का हो?"

अप्पांनी बायकोकडं बघितलं.

"जायची न्हाई," ते म्हणाले. "परवापासून जायलीया."